जिवंत आणि मेलेलं यीस्ट विजेने वेगळं करायचंय? आधी क्षार धुवा

डायइलेक्ट्रोफोरेसिस हे नाव ऐकूनच अर्धे लोक पळतात, पण गोष्ट साधी आहे. एकसारखं नसलेलं एसी इलेक्ट्रिक फील्ड दिलं की पेशी एकतर जास्त फील्डकडे ओढली जाते नाहीतर तिथून ढकलली जाते, आणि पेशीवर स्वतःचा चार्ज असायची गरजच नाही. शास्त्रज्ञ हर्बर्ट पोल यांनी हा शब्द १९५१ मध्ये वापरला आणि १९६६ मध्ये याच युक्तीने जिवंत आणि मेलेल्या यीस्टच्या पेशी वेगळ्या करून दाखवल्या. शिकायला आजही यीस्टच बेस्ट, कारण पेशी मोठी असते आणि साध्या मायक्रोस्कोपखाली दिसते.

हे चालतं कसं तर जिवंत पेशीचा पडदा वीज अडवतो आणि आतमध्ये आयन, म्हणजे चार्ज असलेले कण, भरलेले असतात. पेशी मेली की पडदा गळका होतो, आतले आयन बाहेर जातात आणि आतलं-बाहेरचं पाणी जवळजवळ सारखंच होऊन बसतं. म्हणजे बाहेरचं पाणी कमी कंडक्टिव्ह (वीज कमी वाहून नेणारं) असेल तरच दोघींमधला फरक ठळक दिसणार. सगळा खेळ इथे आहे, आणि लोक मात्र इलेक्ट्रोडला शिव्या देत बसतात.

बाहेरचं पाणी म्हणजे मॅनिटॉलचं द्रावण. १०० मिली डीआयनाइज्ड पाण्यात साधारण ५.१ ग्रॅम मॅनिटॉल टाका, म्हणजे २८० मिलिमोलर होतं. मॅनिटॉल विरघळलेलं असल्यामुळे पेशी पाणी ओढून फुगत नाही, आणि त्यावर चार्ज नसल्यामुळे कंडक्टिव्हिटीही वाढत नाही. पीबीएस (पेशींसाठी नेहमी वापरतात ते खारट बफर द्रावण) अजिबात नको, त्यात द्रावण तापतं आणि जिवंत पेशीसुद्धा ढकलली जायला लागते.

आता पेशी. यीस्ट रात्रभर वाढवा आणि दोन भाग करा. एक भाग ८० डिग्रीला अर्धा तास ठेवून मारा, मग त्यात मिथिलीन ब्लू घाला. जिवंत पेशी हा रंग रिड्यूस करून बेरंग करते, मेलेली निळीच राहते. आता दोन्ही भाग वेगवेगळे धुवा: सेंट्रीफ्यूजमध्ये १००० जी वर (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट) ५ मिनिटं फिरवा, वरचं पाणी काढा, मॅनिटॉल घाला, परत तेच, असं किमान चार वेळा. क्रम महत्त्वाचा आहे बरं का, आधी मारायचं मग धुवायचं, कारण मरताना पेशी आतले सगळे क्षार बाहेर ओकते आणि आधी धुऊन मारलंत तर आधीची मेहनत पाण्यात. मी हे एकदा उलटं केलं आणि तीन दिवस फ्रिक्वेन्सीच बदलत बसलो. शेवटी कंडक्टिव्हिटी मीटर बुडवा, ५० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या खाली आलं तर ठीक, नाहीतर अजून एक वॉश. आणि लगेच वापरा, पेशी पडून राहिल्या की आयन झिरपत राहतात आणि आकडा हळूहळू वर चढतो.

दोन्ही भाग एकत्र करून काचेवरच्या एकमेकांत शिरलेल्या कंगव्यासारख्या सोन्याच्या इलेक्ट्रोडवर सोडा, गॅप ५० मायक्रॉनच्या आसपास असू दे. व्होल्टेज बंद ठेवून आधी एक मिनिट बघा, पेशी आपोआप वाहतायत का ते कळतं. मग १ मेगाहर्ट्झ, १० व्होल्ट पीक-टू-पीक. फंक्शन जनरेटरच्या स्क्रीनवरचा आकडा खरा मानू नका, लोड ५० ओहमचा नसेल तर तो चुकतो, ऑसिलोस्कोपवर बघून घ्या. सगळं बरोबर असेल तर बेरंग पेशी इलेक्ट्रोडच्या कडांना चिकटून मण्यांच्या माळा करतात आणि निळ्या कडांपासून लांब राहतात. निळ्याही चिकटल्या तर फ्रिक्वेन्सी १० मेगाहर्ट्झकडे न्या. मग मॅनिटॉलचा हळू फ्लो सुरू करा, निळ्या वाहून एका ट्यूबमध्ये जातील, मग दुसरी ट्यूब लावा, व्होल्टेज बंद करा की जिवंत पेशी सुटून येतात. फ्लो जास्त केला तर सगळंच वाहून जातं, त्यामुळे इथे घाई नको.

फ्रिक्वेन्सी खाली नेताना सांभाळा. काही किलोहर्ट्झवर बुडबुडे यायला लागतात, शिवाय इलेक्ट्रोडवर पाणीच घुमायला लागतं आणि पेशी फील्डमुळे हलतेय की पाण्यामुळे हे कळत नाही. त्यात पेशीच्या पडद्यावर साधारण एक व्होल्ट पडला तर त्याला भोकं पडतात, म्हणजे जिवंत वेगळ्या करता करता तुम्हीच मारून बसाल.

मोजायचं असेल तर दोन्ही ट्यूबमधलं थोडं थोडं घेऊन हिमोसायटोमीटरमध्ये (पेशी मोजायची चौकटी आखलेली काच) निळ्या आणि बेरंग मोजा, जिवंत ट्यूबमध्ये मात्र ताजं मिथिलीन ब्लू घालून परत बघा, प्रयोगात किती मेल्या ते तिथेच कळेल. पुढे जायचं असेल तर ओढणं बदलून ढकलणं कुठल्या फ्रिक्वेन्सीला होतं ते शोधा. त्या क्रॉसओव्हरवरून पडद्याच्या कपॅसिटन्सचा (चार्ज साठवायच्या क्षमतेचा) अंदाज येतो, फक्त पेशीची त्रिज्या आणि द्रावणाची कंडक्टिव्हिटी नीट माहीत हवी.

बॅक्टेरियावर लगेच उडी मारू नका. बल त्रिज्येच्या घनावर जातं, म्हणजे पेशी पाचपट लहान झाली की बल १२५ पट कमी. तिथे गॅप बारीक लागतो आणि फ्लो अगदी मुंगीच्या पावलांनी.