भंडारदऱ्याला काजवे बघायला जाताय? मग आधी लाईट बंद करायला शिका

मे संपत आला की व्हॉट्सअपवर तो एक व्हिडिओ फिरायला लागतो, अख्खं झाड लुकलुकतंय आणि खाली बॅकग्राऊंडला काहीतरी रडकं म्युझिक, आणि मग सगळ्या ग्रुपवर एकच प्रश्न, कुठे आहे हे, कधी जायचं. तर हे भंडारदरा. अकोले तालुका, अहिल्यानगर जिल्हा. मी चार-पाच वर्षं सलग जातोय आणि पहिल्या वर्षी जितक्या चुका करता येतात तितक्या सगळ्या करून झाल्यात, त्यामुळे तुम्ही त्या परत करू नका म्हणून हे लिहितोय.

आधी जागा समजून घ्या. प्रवरा नदी रतनगडाच्या डोंगरात उगम पावते आणि थोडं खाली शेंडी गावाजवळ तिला विल्सन धरणाने अडवलंय. इंग्रजांच्या काळातलं दगडी धरण, १९१० ला काम सुरू झालं आणि १९२६ ला पूर्ण. त्यामागे जो तलाव पसरलाय तो आर्थर लेक, भरला की ११ टीएमसी, म्हणजे ११ अब्ज घनफूट पाणी. एका बाजूला कळसूबाई (१,६४६ मीटर, राज्यात सगळ्यात उंच), दुसरीकडे रतनगड, पश्चिमेला घाटघरचा कोकणकडा आणि मधे हे पाणी. हा सगळा पट्टा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. म्हणजे तुम्ही पिकनिक स्पॉटला नाही, जंगलात जाताय, हे डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच आहे.

कधी जायचं? मेचा शेवटचा आठवडा ते जूनचा मध्य. काजव्यांना वळवाचा पाऊस लागतो, एक-दोन सरी पडून माती ओली झाली, हवेत दमटपणा आला की ते बाहेर पडतात, आणि एकदा मान्सूनने धो धो धरलं की खेळ संपला. दरवर्षी चार-आठ दिवस मागेपुढे होतं. म्हणून बुकिंग करण्याआधी तिथल्या माणसाला फोन करून सरळ विचारा, "पाऊस झाला का, दिसायला लागले का". कॅलेंडरमध्ये अमावस्या बघा, तिच्या आगेमागे गेलात तर सोन्याहून पिवळं. आणि हात जोडून सांगतो, शनिवारी जाऊ नका. मी पहिल्यांदा शनिवारीच गेलो होतो, रात्री साडेनऊला अरुंद रस्त्यावर समोरासमोर गाड्या अडकल्या, सगळ्यांचे हेडलाईट चालू, हॉर्न, कोणाच्या तरी गाडीत डीजे, आणि बाजूच्या झाडावर एकही काजवा नाही. दोन तास मी पुढच्या गाडीची नंबर प्लेट बघितली. मंगळवार-बुधवार सुट्टी टाका, एक दिवस बॉस ओरडेल, ओरडू दे.

जायचं कसं, तर मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटीला उजवीकडे वळायचं, मग बारी, वारंघुशी फाटा, शेंडी. समृद्धीवरून आलात तर इगतपुरीला उतरा. ट्रेनवाल्यांनी इगतपुरी गाठायची आणि पुढे घोटीहून एसटी किंवा जीप. पुण्याहून नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर. काहीही करा पण उजेड असताना पोचा. रात्री गूगल मॅप बघत वळणं घेऊ नका, एक तर तलावाच्या मागच्या बाजूला नेटवर्क जातं आणि दुसरं म्हणजे रस्त्यावर रातवे बसलेले असतात. रातवा म्हणजे तो मातकट पक्षी, डांबर गरम असतं म्हणून की काय पण रस्त्यावरच फतकल मारून बसतो, हेडलाईटमध्ये फक्त दोन लाल ठिपके चमकतात आणि अगदी चाकाखाली येईपर्यंत उडत नाही.

राहायला शेंडीत हॉटेलं आहेत, पण मी म्हणेन मुरशेत, पांजरे, उडदावणे, रतनवाडी यापैकी एखाद्या गावात घरी राहा. बरीचशी घरं महादेव कोळी लोकांची आहेत, जेवायला नागलीची भाकरी, ठेचा, पिठलं, सांगितलंत तर गावठी कोंबडी. नाक्यावर वनखात्याची पावती फाडावी लागते, ती जपून ठेवा, आणि आत जायच्या-यायच्या वेळांचे नियम असतात ते त्या त्या वर्षी विचारून घ्या, वाद घालू नका. दारू तर आणूच नका, हे अभयारण्य आहे.

आता मुद्द्याचं. काजवा चमकतो कारण त्याला जोडीदार हवाय, आपलं मनोरंजन करायला नाही. पोटाच्या शेवटच्या भागात ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य असतं, त्याचा ऑक्सिजनशी संयोग झाला की उजेड पडतो, आणि त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. नर उडत उडत किंवा झाडावर थव्याने बसून लुकलुकतात, आणि माद्या बऱ्याचदा खाली गवतात, झुडपात बसून उत्तर देतात. आयुष्याचा मोठा भाग हे अळी म्हणून ओल्या पालापाचोळ्यात काढतात, गोगलगायी खातात, आणि पंख फुटल्यावर हातात मोजके आठवडे उरतात. त्या आठवड्यांत तुम्ही समोर टॉर्च मारलात की नराला मादीचा दिवा दिसत नाही, संपला विषय. आणि "जरा जवळून बघू" म्हणून गवतात घुसलात तर पायाखाली नेमक्या माद्या.

म्हणून मी काय करतो ते सांगतो. सातच्या आत जेवण उरकतो. गाडी गावातच ठेवतो, चालत जातो, घरमालकांपैकी कोणालातरी सोबत घेऊन, त्यांचे पैसे ठरवून. टॉर्चला लाल जिलेटिन पेपर रबरबँडने लावलेला असतो आणि तोही फक्त पायाखाली, कारण पहिल्या पावसात चापडा, फुरसं असले साप फिरतात, बूट पाहिजेतच, सँडल नको. मग रस्त्याच्या कडेला एक जागा धरून बसायचं आणि सगळं बंद. मोबाईल खिशात नाही, बॅगेत, कारण खिशात असला की हात जातो. सुरुवातीला काही दिसत नाही आणि बरोबरची मंडळी कुरकुर करतात, पण डोळे अंधाराला सरावायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, तेवढा धीर धरा.

गेल्या वर्षी पांजऱ्याच्या पुढे असेच बसलो होतो. बरोबर भाचा, वय वर्षं नऊ, दर दोन मिनिटांनी "मामा कधी". सोबत आलेले गावातले म्हातारे बाबा म्हणाले, "गप बस जरा, ते बी बघत्यात आपल्याला." मग समोरच्या सादड्याच्या झाडावर एक पेटला, दोन पेटले, आणि बघता बघता बुंध्यापासून शेंड्यापर्यंत उजेडाची लाट वर गेली, विझली, परत वर गेली. शेजारच्या हिरड्याने तोच ठेका पकडला. एक काजवा भाच्याच्या बाहीवर येऊन बसला, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा, आणि प्रत्येक वेळी पेटला की शर्टाच्या कापडाचे धागे दिसायचे, हिरवट पिवळे. पोरगं श्वास रोखून बसलं होतं. बाटलीत भरू का विचारलं नाही त्याने, मी मात्र त्याच्या वयात भरले होते, सकाळी सगळे मेलेले.

फोटो काढायचाच असेल तर ट्रायपॉड, वीस-तीस सेकंदांचं एक्स्पोजर, असे बरेच फोटो काढून नंतर एकावर एक रचायचे. स्क्रीनचा ब्राईटनेस एकदम खाली, फोकस उजेड असतानाच लावून ठेवा. ते व्हायरल फोटो असेच बनलेले असतात, त्यामुळे डोळ्यांना तेवढी गर्दी दिसली नाही म्हणून फसवलं म्हणू नका. अंगाला स्प्रे मारू नका, किड्यांना मारायचा स्प्रे मारून किडे बघायला जाणं म्हणजे कमालच, पूर्ण बाह्यांचं घाला. दहाच्या सुमारास चमकणं कमी होत जातं, मग उठा.

दुसरा दिवस झोपून घालवू नका. पहाटे घाटघरच्या कड्यावर जा, कोकणातून ढग वर चढत असतात, आणि नशीब असेल तर शीळकरी कस्तूर नावाचा पक्षी ऐकू येतो, कोणी माणूसच सूर विसरत विसरत शीळ घालतोय असं वाटतं. पावशा तर दिवसभर "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणत डोकं खातो. या दिवसांत तलाव खूप आटलेला असतो, काठाला नुसता चिखल आणि खडे, फोटोला बरा दिसत नाही पण पाणकावळे, ढोकऱ्या असले पाणपक्षी इथेच दिसतात. काठाने चालताना टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली तर आहात त्याच पावली मागे फिरा, तिची अंडी तिथेच खड्यांत उघड्यावर असतात आणि रंग इतका सेम की पाय पडेपर्यंत कळत नाही. रतनवाडीला अमृतेश्वराचं देऊळ आणि शेजारची पुष्करणी बघाच, तासभर तरी काढा, कोरीवकाम बघून मान दुखेल. तलावाला पूर्ण चक्कर मारायची तर चाळीस किलोमीटरच्या वर आहे, साम्रदमार्गे, थांबत थांबत अर्धा दिवस जातो. रंधा आणि अंब्रेला धबधब्यासाठी या मोसमात वाकडी वाट करू नका, पाणी सोडलं नसेल तर नुसता खडक बघाल, त्यासाठी ऑगस्टमध्ये वेगळे या.

निघताना रस्त्यात बायका-पोरं पानांच्या द्रोणात करवंदं, जांभळं विकत बसलेली असतात. घासाघीस न करता घ्या, पण करवंदं गाडीत सीटवर ठेवू नका, डब्यात ठेवा, आमच्या मागच्या सीटवरचे डाग अजून गेलेले नाहीत.