‘स्ट्रिंग’ म्हणजे प्रत्येक वेळी दोरी नव्हे : या चुका टाळा

जांभळी नाक्याच्या बाजारात जाऊन ‘दोरी द्या’ एवढेच म्हटले, तर दुकानदार आधी ‘कशाला हवी?’ असे विचारतो. पुडा बांधायला, कपडे वाळत घालायला की गच्चीवर टाकी चढवायला, हे कळल्याशिवाय त्याचा हात फळीकडे जात नाही. इंग्रजीतील ‘स्ट्रिंग’ या रोजच्या शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधणाऱ्यानेही हाच प्रश्न आधी विचारायला हवा. ठाण्यात भाषांतराच्या वह्या तपासताना मला ज्या चुका वारंवार दिसतात, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ हा प्रश्न न विचारण्यात असते. शब्दकोशातील पहिला अर्थ उचलला जातो आणि वाक्यात त्या शब्दाकडे कोणते काम आहे, हे पाहायचे राहून जाते.

सर्वांत साधी चूक जाडीची. शब्दकोश ‘थ्रेड’, ‘ट्वाइन’, ‘स्ट्रिंग’, ‘कॉर्ड’ आणि ‘रोप’ हे शब्द समानार्थी म्हणून शेजारी शेजारी छापतो, म्हणून ते एकमेकांच्या जागी चालतात असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात शिवणाचा दोरा तो ‘थ्रेड’, पुडा बांधण्याची बारीक दोरी ती ‘स्ट्रिंग’, तिच्याहून जाड आणि घट्ट वळलेली ती ‘कॉर्ड’, आणि माणसाचा भार पेलणारा दोर किंवा दोरखंड तो ‘रोप’. तुर्भ्याच्या घाऊक बाजारात गोणीचे तोंड ज्या सुतळीने शिवतात तिला इंग्रजीत ‘ट्वाइन’ हा शब्द जवळचा आहे, तर ठाण्यात दहीहंडी रस्त्यावर उंच टांगतात तो निःसंशय ‘रोप’ आहे. तेथे ‘स्ट्रिंग’ लिहिले, तर हंडी मिठाईच्या पुड्याच्या दोरीवर लोंबकळते आहे असे चित्र वाचकासमोर उभे राहते.

पतंगाच्या बाबतीत ही ढिलाई अधिक महागात पडते. ‘काइट स्ट्रिंग’ हा इंग्रजी शब्दप्रयोग मांजालाही लागू होतो आणि साध्या दोऱ्यालाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली ती नायलॉनच्या व इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर. काच किंवा धातूची धार न लावलेल्या सुती दोऱ्यावर नव्हे. अशा बंदीची सूचना मराठीत लिहिताना ‘पतंगाच्या दोरीवर बंदी’ असे लिहिले, तर वाक्य व्याकरणाने शुद्ध राहते, पण अर्थ चुकीचा पोहोचतो. येथे ‘नायलॉन मांजा’ हेच शब्द हवेत.

वाद्यांकडे वळलो की दोरी पूर्णपणे बाजूला ठेवावी लागते. तंबोऱ्याला सहसा चार, व्हायोलिनला चार आणि गिटारला सहसा सहा ‘स्ट्रिंग्ज’ असतात, त्यांना मराठीत तारा म्हणतात. सारंगीच्या मुख्य तीन तारा मात्र परंपरेने जनावराच्या आतड्यापासून करतात आणि अशा तारेसाठी मराठीत ‘तात’ हा नेमका शब्द आहे. तो विस्मरणात जाऊ नये असे मला मनापासून वाटते. ‘स्ट्रिंग क्वार्टेट’चे भाषांतर ‘चार तारांचे वाद्य’ असे केलेले मी पाहिले आहे. ते वाद्य नसून चार वादकांचा संच असतो आणि त्यात दोन व्हायोलिन, एक व्हायोला व एक चेलो असतो. बॅडमिंटनच्या रॅकेटला मात्र तारही चालत नाही, कारण खेळाडू तेथे ‘गटिंग’ म्हणतात आणि तोच शब्द ठेवणे इष्ट.

लाक्षणिक अर्थांमध्ये सर्वाधिक फसवणूक होते. ‘पुल स्ट्रिंग्ज’ म्हणजे वशिला लावणे, पण मध्ये ‘द’ आला आणि ‘पुल द स्ट्रिंग्ज’ झाले की अर्थ बदलून पडद्याआडून सूत्रे हलवणे असा होतो. कळसूत्री बाहुल्यांच्या खेळातून आलेली ही कल्पना मराठीत तशीच नांदते, म्हणून येथे ‘सूत्र’ हा शब्द अगदी घरचा वाटतो. ‘विदाउट स्ट्रिंग्ज’ असे कर्जाबद्दल म्हटले असेल तर ते विनाअट कर्ज. ‘अ स्ट्रिंग ऑफ थेफ्ट्स’ म्हणजे लागोपाठ झालेल्या चोऱ्या. आणि कोणी कोणाला ‘स्ट्रिंग अलाँग’ करत असेल, तर तो त्याला झुलवत ठेवतो आहे.

ऐरोली आणि महापे येथे संगणकाचे काम करणाऱ्यांना ‘स्ट्रिंग’ भेटते ती वेगळ्याच रूपात. तेथे ती एकामागून एक मांडलेल्या अक्षरचिन्हांची ओळ असते. तिला अक्षरमाला म्हणता येईल, पण व्यवहारात ‘स्ट्रिंग’ हाच शब्द रूढ आहे. यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘अवैध दोरी’ असा संदेश पडद्यावर उमटला, तर वापरणाऱ्याने काय दुरुस्त करायचे? तेथे ‘भरलेला मजकूर योग्य स्वरूपात नाही’ असे सांगावे. ही अर्थच्छटा न समजल्याने प्रत्यक्ष कामही बिघडते. ठाणे आणि नवी मुंबईचा दूरध्वनी संकेतांक ०२२ आहे. तो संख्या म्हणून साठवला तर सुरुवातीचे शून्य गळून २२ उरतात, ‘स्ट्रिंग’ म्हणून साठवला तर जसाच्या तसा राहतो. यादीतील संकेतांकांची शून्ये नाहीशी झाली असतील, तर प्रथम हेच तपासावे.

‘कॉर्ड’ या सोबतच्या शब्दात एक छुपा खड्डा आहे. इंग्रजीत तो दोन वेगळ्या वर्णलेखनांनी लिहितात, उच्चार मात्र एकच, त्यामुळे देवनागरीत उतरल्यावर दोन्ही शब्द सारखेच दिसतात. शरीरशास्त्रात त्याचा मज्जारज्जू होतो, बाळाच्या संदर्भात नाळ होते, घशाच्या संदर्भात स्वरतंतू होतात. भूमितीत मात्र तो दुसरा ‘कॉर्ड’ असतो आणि त्याला आपण वर्तुळाची जीवा म्हणतो. जीवा किंवा ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. कंस हा धनुष्याच्या दांड्यासारखा आणि त्याची दोन टोके जोडणारी रेषा ताणलेल्या दोरीसारखी, म्हणून हे नाव. आर्यभटांनी इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीय’ ग्रंथात अर्ध्या ज्येची कोष्टके दिली आहेत. तोच शब्द अरबीत ‘जीबा’ म्हणून गेला, पुढे ‘जैब’ असा वाचला गेला, आणि ‘जैब’ म्हणजे वस्त्राची घडी किंवा खोळ असे समजून बाराव्या शतकात त्याचे लॅटिनमध्ये ‘सायनस’ असे भाषांतर झाले. शाळेतील त्रिकोणमितीचा ‘साइन’ तेथून आला. दोरीवाचक एका शब्दाचे चुकीचे वाचन जगभरच्या गणितात कायम राहिले आहे.

क्रियापदाविषयी थोडेच सांगणे पुरे. मणी ओवण्याच्या अर्थी ‘स्ट्रिंग’चा भूतकाळ ‘स्ट्रंग’ होतो. ‘स्ट्रिंग्ड’ हे रूप तंतुवाद्यांच्या विशेषणात आढळते.

मराठीतून इंग्रजीत जातानाही तितकीच काळजी घ्यावी. पायजम्याची नाडी म्हणजे ‘ड्रॉस्ट्रिंग’. वैद्यांनी पाहिलेली नाडी म्हणजे ‘पल्स’. बुटाची दोरी ‘लेस’ असते आणि गवंड्याचा ओळंबा ‘प्लम लाइन’ असतो. ‘आयुष्याची दोरी बळकट’ या वाक्याचे शब्दशः भाषांतर करू नये. अपघातातून माणूस थोडक्यात वाचला, एवढे साधे वाक्य पुरते. सिंहगडावर १६७० साली सूर्याजी मालुसरे यांनी दोर कापून टाकल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ती इंग्रजीत लिहिताना ‘रोप’ऐवजी ‘स्ट्रिंग’ आले, तर मावळे कडा चढले कशाच्या आधाराने, असा प्रश्न इंग्रजी वाचकाला पडेल.