कोकण किनाऱ्यावर भाड्याची गाडी आणि गर्दीबाहेरची सुट्टी

महाराष्ट्राचा किनारा ७०० किलोमीटरांहून लांब आहे, तरीही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काशीद, दिवेआगर, गणपतीपुळे आणि तारकर्ली अशा मोजक्या ठिकाणी गाडी उभी करायला जागा मिळत नाही. त्याच दिवशी राजापूर तालुक्यातल्या वेत्ये किंवा वेंगुर्ले तालुक्यातल्या खवणे येथील वाळूवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणाऱ्या मंडळींखेरीज फारसे कोणी नसते. या तफावतीचे मोठे कारण वाहतुकीत आहे. आडबाजूच्या गावात एस.टी. जाते, पण दिवसातून मोजक्याच वेळा, आणि रिक्षा केली तर परतीचे भाडेही आपल्याच माथी येते. त्यामुळे ज्याच्या हाताशी स्वतःची गाडी नाही, तो नाइलाजाने प्रसिद्ध किनाऱ्यावरच राहतो. स्वतः चालवायची भाड्याची गाडी ही अडचण दूर करते, मात्र ती कुठून, कशी आणि कोणत्या दिवसांसाठी घ्यावी याचा विचार निघण्यापूर्वी व्हायला हवा.

मुंबई-पुण्याहून गाडी भाड्याने घेऊन थेट सिंधुदुर्गापर्यंत जाण्यापेक्षा रेल्वेने जाऊन तिथे गाडी घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. महामार्गावरचा थकवा आणि किलोमीटरचे भाडे दोन्ही वाचतात. दापोली-गुहागरसाठी खेड किंवा चिपळूण, गणपतीपुळे-पावस पट्ट्यासाठी रत्नागिरी, देवगडसाठी कणकवली, मालवणसाठी कुडाळ आणि वेंगुर्ले-शिरोड्यासाठी कुडाळ किंवा सावंतवाडी ही स्थानके सोयीची आहेत. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी उघडते. तिकीट हाती आल्यावर लगेच गाडीही ठरवावी, कारण लहान शहरांतल्या भाड्याच्या गाड्या थोड्या असतात आणि सुट्टीत त्या लवकर संपतात. विमानाने जाणाऱ्यांना सिंधुदुर्गातील चिपी आणि गोव्यातील मोपा असे दोन पर्याय आहेत. मोपा विमानतळ महाराष्ट्राच्या सीमेजवळ असला तरी गोव्यात घेतलेली गाडी सीमेपलीकडे नेण्याची मुभा परवान्यात आणि करारात आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे. तोंडी होकार सीमेवरच्या बांद्याच्या तपासणीत उपयोगी पडत नाही.

गाडी ठरवताना सर्वप्रथम नंबरप्लेट पाहावी. स्वतः चालवण्यासाठी भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि त्यावरची अक्षरे पिवळी असतात. चालकासह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी व अक्षरे काळी असतात. पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापराची असते. कोकणात घरची पांढऱ्या पाटीची गाडी ओळखीने, थोड्या कमी भाड्यात देणारे पुष्कळ भेटतात आणि त्यांचा हेतू वाईट असतो असेही नाही. परंतु खासगी गाडी भाड्याने चालवणे नियमबाह्य आहे, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी नेमके हेच कारण पुढे करून भरपाई नाकारू शकते. दिवसामागे काहीशे रुपये वाचवण्यासाठी हा धोका पत्करू नये. स्वतः चालवण्याची गाडी मिळालीच नाही, तर स्थानिक चालकासह टॅक्सी घ्यावी. घाटातली वळणे आणि पावसात खचणाऱ्या जागा त्याला पाठ असतात.

करार वाचताना भाड्याच्या आकड्यावर थांबू नये. दिवसाला किती किलोमीटर मोफत आहेत, त्यापुढे किलोमीटरला किती आकार आहे, इंधन किती पातळीवर परत द्यायचे आहे, अनामत रक्कम किती दिवसांनी परत मिळते, आणि अपघातात आपल्यावर जास्तीत जास्त किती रकमेची जबाबदारी येते, ही उत्तरे लेखी असावीत. टायर, काच आणि गाडीचा तळ यांचे नुकसान अनेक करारांत विम्याबाहेर ठेवलेले असते, आणि कोकणातल्या रस्त्यांवर नुकसान बहुधा याच तीन गोष्टींचे होते. म्हणून गाडी ताब्यात घेताना चारही बाजू, टायर, पुढची काच, बंपरची खालची कड आणि किलोमीटरचा आकडा यांचे मालकासमोरच सावकाश चित्रीकरण करावे. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना जागेवर आहेत का, हे स्वतः उघडून पाहावे. नोंदणी पुस्तिका, विमा, पीयूसी आणि परवाना यांच्या मुदती तपासाव्यात, आणि फास्टॅगवरची वजावट तसेच मागाहून येणारे ई-चलन कोण भरणार हेही ठरवून घ्यावे.

मोठी, उंच गाडी घेण्याचा मोह आवरावा. सड्यावरून, म्हणजे माथ्यावरच्या खडकाळ पठारावरून, गावात उतरणारे रस्ते अरुंद असतात, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे (कुंपणाच्या भिंती) असतात, आणि समोरून एस.टी. आली की आपल्यालाच मागे जाऊन जागा करून द्यावी लागते. चौघांसाठी लहान हॅचबॅक पुरेशी होते. मोबाइलवरचा नकाशा जवळचा म्हणून जो रस्ता दाखवतो, तो कधी पाणंदीत शिरतो, तर कधी फक्त दुचाकी जाईल अशा साकवापाशी संपतो. शेवटच्या दोन-तीन किलोमीटरांसाठी नाक्यावरच्या दुकानात विचारून पुढे जावे. इंधन तालुक्याच्या गावीच भरून घ्यावे. रात्री अनोळखी घाट टाळावा.

गर्दी चुकवण्याचा खरा हिशोब तारखांचा आहे. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्ष, २६ जानेवारीला जोडून येणारा शनिवार-रविवार आणि मे महिना हे काळ कोणीही सांगेल. कोकणाचे स्वतःचे पंचांग मात्र बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. गणेश चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस चाकरमान्यांच्या गाड्यांनी महामार्ग भरून जातो आणि गौरी-गणपतीच्या विसर्जनानंतर तोच लोंढा मुंबईकडे परततो. अंगारकी चतुर्थीला गणपतीपुळे आणि महाशिवरात्रीला कुणकेश्वर येथे शांतता शोधण्यात अर्थ नाही. मालवण तालुक्यातल्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा तिथीला बांधलेली नसल्यामुळे तिची तारीख दरवर्षी स्वतंत्रपणे जाहीर होते. मालवणला फेब्रुवारी-मार्चमध्ये जायचे असल्यास ती आधी पाहून घ्यावी. शिमग्यात गावोगावी पालख्या फिरतात, तेव्हा पालखी रस्त्यावर असेल तर इंजिन बंद करून थांबावे, हॉर्न वाजवू नये.

यातून उरतात ते चांगले दिवस: पाऊस ओसरल्यानंतरचा आणि दिवाळीपूर्वीचा ऑक्टोबर, नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या मध्यापर्यंतचे मधले वार, आणि जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. त्यातही सोमवार ते गुरुवार धरावा. पावसाळ्यात रस्ते हिरवे आणि मोकळे असतात, परंतु मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या आणि जलक्रीडा बंद असतात, दरडींचा धोकाही असतो. त्या दिवसांत समुद्र पाहावा, पाण्यात उतरू नये.

मुक्काम प्रसिद्ध गावाच्या अलीकडे किंवा पलीकडे, लहान गावात करावा आणि गाडीच्या बळावर प्रसिद्ध ठिकाण सकाळीच उरकून यावे. गुहागरजवळ वेळणेश्वर-हेदवी, दापोलीजवळ केळशी-आंजर्ले, रत्नागिरीच्या दक्षिणेला गणेशगुळे-पूर्णगड, राजापूर तालुक्यात कशेळी-आंबोळगड, मालवणच्या उत्तरेला आचरे-तोंडवळी आणि दक्षिणेला भोगवे-निवती ही त्यासाठी चांगली गावे आहेत. सिंधुदुर्ग किल्ल्याला सकाळच्या पहिल्या होडीने जावे. दुपारी धक्क्यावर रांग लागते.

मुक्कामांमधले अंतर मोजताना खाड्या विसरू नयेत. दाभोळसमोर धोपावे डोळ्यांना दिसते, पण फेरीबोट न घेता रस्त्याने गेल्यास खेड-चिपळूणमार्गे मोठा वळसा पडतो, ज्यात एकट्या चिपळूण ते गुहागर या टप्प्याचेच सुमारे ४५ किलोमीटर आहेत. वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी आणि जयगड-तवसाळ येथेही गाडीसह खाडी ओलांडता येते. रविवारी संध्याकाळी परतीच्या गाड्यांची रांग असते, म्हणून त्या वेळी धक्क्यावर पोहोचू नये, आणि शेवटच्या फेरीची वेळ त्याच दिवशी सकाळी फोनवर विचारावी.

भरतीचे गणित प्रत्येक चालकाला यायला हवे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते: पंचमीला ती पावणेचारच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी, तर पूर्ण ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. तासाभराचा फरक गृहीत धरावा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला अरुंद किनाऱ्यांवर वाळूच उरत नाही आणि सगळे लोक सुरुबनाच्या कडेला दाटतात. ओहोटीत तोच किनारा ऐसपैस होतो. कोणत्याही वेळी गाडी मात्र वाळूत घालू नये. ओल्या वाळूत रुतलेले चाक भरती येण्यापूर्वी निघेलच असे नसते, आणि खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाडीची भरपाई करारात सहसा बसत नाही.

निर्जन किनाऱ्याची दुसरी बाजू अशी की तिथे जीवरक्षक नसतो. पोहायचे असेल तर गावातल्या मच्छीमाराला जागा विचारावी, तो नको म्हणाला तर ऐकावे, आणि खाडीच्या मुखाशी कधीही पाण्यात उतरू नये. अशा गावांत उपाहारगृहे नसतात. घरगुती जेवण हवे असल्यास आदल्या रात्री सांगावे, कारण सकाळी मिळालेल्या मासळीवर सगळा बेत ठरतो. कोणाच्या खळ्यात (घरापुढच्या अंगणात) विचारल्याशिवाय गाडी लावू नये, वाडीतून जाताना संगीत बंद ठेवावे आणि कचरा पिशवीत भरून तालुक्यापर्यंत आणावा. ही गावे शांत आहेत ती तिथल्या लोकांनी तशी राखली म्हणून, आणि ती तशीच राहावीत असे मला मनापासून वाटते.

गाडी परत करण्याची वेळ रेल्वेच्या वेळेच्या किमान दोन तास आधीची आणि शक्यतो उजेडातली ठेवावी. आतली वाळू झाडून घ्यावी, बाहेरून गोड्या पाण्याने धुवावी, ठरल्या पातळीपर्यंत इंधन भरावे, आणि मालकासमोर पुन्हा तेच चित्रीकरण करून ‘नुकसान नाही, अनामत अमुक तारखेपर्यंत परत’ असा संदेश त्याच्याकडून मोबाइलवर घेतल्यानंतरच किल्ली द्यावी.