सव्वानऊच्या आधी आशियाई बाजार कसा वाचायचा

लातूरच्या आडत बाजारात सौदा निघण्याआधी बाहेरगावचा भाव विचारतात, तसे बरेच जण आपला शेअर बाजार उघडण्याआधी टोकियो-हाँगकाँगचे आकडे बघतात. बघावेत, पण आकडा चालता आहे की थांबलेला, हे आधी तपासा.

भारतीय वेळेने टोकियो पहाटे ५.३० ते ८ आणि पुन्हा ९ ते १२. हाँगकाँग ७ ते ९.३०, मग १०.३० ते १.३०. शांघाय ७ ते ९ आणि १०.३० ते १२.३०. सोल मात्र सुट्टी न घेता ५.३० ते १२. म्हणजे आपल्याकडे सव्वानऊला व्यवहार सुरू होतात तेव्हा शांघाय जेवायला बसलेलं असतं आणि हाँगकाँग पंधरा मिनिटांत जेवायला उठणार असतं. त्या क्षणी शांघायचा आकडा नऊ वाजताचा, शिळा असतो.

रंगानेही फसायला होतं. चीन आणि तैवानच्या पडद्यावर लाल म्हणजे वाढ, हिरवा म्हणजे घट. कोरियात घट निळ्या रंगात दिसते.

आता खरी मेख, भावाच्या मर्यादेची. शांघाय-शेन्झेनच्या मुख्य फळीवर, म्हणजे कंपन्यांच्या मुख्य यादीत, शेअर दिवसात १० टक्केच वर किंवा खाली हलू शकतो; स्टार आणि चायनेक्स्ट या नव्या-तंत्रज्ञान कंपन्यांच्या फळ्यांवर २०. तैवानात १०, सोलमध्ये ३०. टोकियोत टक्के नाहीत, येन आहेत: आधारभाव, म्हणजे सहसा आदल्या दिवशीचा बंद भाव, १,००० ते १,५०० येनच्या आत असेल तर मर्यादा ३०० येन. त्यामुळे हजाराच्या शेअरला ३० टक्के मोकळीक मिळते, १,४९९ च्या शेअरला जेमतेम २०. हाँगकाँगला दिवसाची मर्यादाच नाही; निर्देशांकातला मोठा शेअर पाच मिनिटांपूर्वीच्या भावापासून १० टक्के सरकू लागला की पुढची पाच मिनिटं त्याला भावाच्या ठरावीक पट्ट्यात चालवतात, एवढंच. म्हणून दोन्हीकडे नोंदलेली एकच कंपनी शांघायमध्ये १० टक्के आणि हाँगकाँगमध्ये १६ टक्के पडलेली दिसली, तर शांघायवाले धीराचे आहेत असं समजू नका. तिथे विकणाऱ्यांची रांग तशीच उभी असते आणि दुसऱ्या दिवशी भाव पुन्हा खाली येऊ शकतो. शिवाय चीनमध्ये आज घेतलेला शेअर आज विकता येत नाही.

लॉट पाहा, म्हणजे एका वेळी कमीत कमी किती शेअर घ्यावे लागतात ते. आडतीवर किलोभर सोयाबीन कोणी लिलावात घेत नाही, तसंच टोकियोत १०० च्या पटीतच शेअर घ्यावे लागतात. ३,००० येनचा शेअर म्हणजे किमान तीन लाख येन. हाँगकाँगमध्ये प्रत्येक कंपनीचा लॉट वेगळा. आपल्याकडे एक शेअरही चालतो.

हे सगळं उपयोगी पडतं ते आपल्या एनएसई शेअर बाजारावरचा हँगसेंगचा ईटीएफ घेताना, म्हणजे हाँगकाँगच्या हँगसेंग निर्देशांकातले शेअर धरणारा आणि शेअरसारखाच बाजारात विकत मिळणारा फंड. त्याचे व्यवहार आपल्या वेळेत चालतात, पण त्यातले शेअर हाँगकाँगचे. ऑर्डर १०.३० ते १.३० या वेळातच टाका. ९.३० ते १०.३० आणि दुपारी दीडनंतर मूळ भाव थांबलेला असतो, त्यामुळे विकणारा अंदाजाने भाव लावतो आणि खरेदी आणि विक्रीच्या भावांतली फट रुंदावते.

आधी आयएनएव्ही उघडा, म्हणजे आतल्या शेअरांची त्या घडीची किंमत. बाजारभाव त्यापेक्षा एक टक्क्याहून जास्त वर असेल तर थांबलेलं बरं. सेबीने फंडांच्या परदेशी गुंतवणुकीवर मर्यादा घातल्यामुळे ईटीएफची नवीन युनिट, म्हणजे त्याचे नवे हिस्से, सहज निघत नाहीत, म्हणून मागणी वाढली की भाव फुगतो. पुढे तो फुगा उतरला तर निर्देशांक जागेवर असूनही तुमचे पैसे कमी होतात. मार्केट ऑर्डर, म्हणजे मिळेल त्या भावाने घेण्याची ऑर्डर, टाकूच नका. आयएनएव्हीच्या जवळचा भाव लिहून लिमिट ऑर्डर द्या, म्हणजे त्याहून महाग खरेदी होणार नाही, आणि ती भरली नाही तर भाव पळत वाढवू नका.

चिनी नववर्षाच्या सुट्टीत आपला बाजार चालू असला तरी हाँगकाँग बंद असतं. त्या दिवसांत आयएनएव्हीसुद्धा जुन्याच भावावर बेतलेला असतो, तेव्हा ऑर्डर टाकू नका.