जुनी लेन्स, डिजिटल बॉडी आणि झाडीपट्टीचे हवामान : या चुका टाळा

दिवाळीनंतर ब्रह्मपुरी, वडसा, लाखांदूर, अर्जुनी मोरगाव या पूर्व विदर्भातील भागात मंडईचा, म्हणजे गावजत्रांचा, हंगाम सुरू होतो आणि गावोगावी रात्रभर झाडीपट्टीची नाटके रंगतात. त्या रंगमंचांसमोर बसून मी अनेक वर्षे छायाचित्रे काढत आलो आहे आणि माझ्या हातातील लेन्स बहुतेक वेळा बॉडीपेक्षा, म्हणजे कॅमेऱ्याच्या धडापेक्षा, वीस-पंचवीस वर्षांनी जुनी असते. त्यांतील माझी सर्वांत लाडकी ५० मिमी एफ/१.८ लेन्स तालुक्याच्या गावी बंद पडलेल्या एका स्टुडिओतून आलेली आहे. हाताने फोकस करावी लागणारी ही लेन्स आजही पेट्रोमॅक्सच्या उजेडातील चेहरा जसाच्या तसा टिपते.

आमच्याकडे जुन्या लेन्स पुष्कळ घरांत पडून आहेत. कुणाच्या काकांचा स्टुडिओ होता, कुणाचे वडील लग्नाचे फोटो काढत. नव्या पिढीतील मुले ती लेन्स बाहेर काढतात, डिजिटल बॉडीला लावतात आणि चार फोटो बिघडले की ‘लेन्स गेली’ असा निकाल देऊन मोकळी होतात. जाणकार दुरुस्तीवाला गाठायचा तर नागपूर आमच्यापासून शंभरावर किलोमीटर दूर आहे. त्यामुळे तो निकाल सहसा तपासलाही जात नाही. माझ्यासमोर आणल्या गेलेल्या अशा लेन्सपैकी बहुतेकींमध्ये काही बिघाड नव्हता, किंवा जो होता तो भलत्याच ठिकाणी शोधला गेला होता.

माउंट जुळले म्हणजे लेन्स जुळली, असे मानू नका

निकॉनचे एफ माउंट (बॉडीवर लेन्स बसवण्याचा सांधा) १९५९ पासूनचे आहे आणि त्याचा आकार आजतागायत तोच राहिला, म्हणून जुनी कोणतीही लेन्स कोणत्याही निकॉन डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यावर) बिनधास्त बसवावी, असा समज रूढ आहे. तो धोक्याचा आहे. १९७७ मध्ये निवडलेले अ‍ॅपर्चर (प्रकाश आत सोडणारे छिद्र) बॉडीला कळवणारी एआय पद्धत आली; त्याआधीच्या, न बदललेल्या लेन्सच्या अ‍ॅपर्चर रिंगची मागची कड डी२००, डी३००, डी७००, डी७००० यांसारख्या बॉडीवरील बारीक खुंटीला धडकते आणि ती खुंटी वाकू किंवा मोडू शकते. ओळख सोपी आहे. एआय लेन्सवर अ‍ॅपर्चरचे आकडे दोन ओळींत, म्हणजे एक ओळ मोठी व तिच्याखाली एक अगदी बारीक, असे असतात आणि वरच्या धातूच्या ‘कानांना’ भोके असतात. आधीच्या लेन्सवर आकड्यांची एकच ओळ असते व कान भरीव असतात. शंका असेल तर लेन्स फिरवण्यास जोर लावू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ नुकसान टळते.

त्याच्या उलट तक्रार अशी येते की, एआय लेन्स बसली तर आहे, पण पडद्यावर ‘एफ’पुढे दोन आडव्या रेघा दिसतात आणि फोटो निघत नाही. डी३००० आणि डी५००० मालिकेतील बॉडींना, तसेच डी९० ला, अशा लेन्सवर प्रकाश मोजता येत नाही. तेथे कॅमेरा एम मोडवर ठेवावा, शटर व अ‍ॅपर्चर स्वतः ठरवावे आणि हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) पाहून दुरुस्त करावे. डी७००० सारख्या बॉडीत मात्र ‘नॉन-सीपीयू लेन्स डेटा’ या मेनूत फोकल लेंग्थ आणि सर्वांत मोठे अ‍ॅपर्चर (म्हणजे सर्वांत लहान एफ-आकडा) भरले की ए मोडमध्येही (अ‍ॅपर्चर आपण आणि शटर कॅमेरा ठरवतो तेथे) मोजमाप सुरू होते. हे दोन आकडे न भरल्यामुळे चांगल्या लेन्स पुन्हा पेटीत गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

एएफ-डी, म्हणजे अ‍ॅपर्चर रिंग असलेल्या जुन्या ऑटोफोकस, लेन्सवाल्यांची तक्रार वेगळी असते : पडद्यावर ‘एफ ई ई’ ही अक्षरे लुकलुकतात आणि शटर दबत नाही. येथे बिघाड काहीच नसतो. अ‍ॅपर्चर रिंग सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे १६ किंवा २२ वर, फिरवून तिची कळ लावली की काम होते. याच लेन्सचे ऑटोफोकस डी३००० व डी५००० मालिकेतील बॉडींवर चालत नाही, कारण त्या बॉडीत फोकसची मोटर नाही. लेन्स दुरुस्तीला पाठवून ती मोटर येणार नाही.

अ‍ॅडॉप्टर, म्हणजे एका पद्धतीची लेन्स दुसऱ्या बॉडीला जोडणारी रिंग, घेताना तर पैसा हमखास वाया जातो. माउंटपासून सेन्सरपर्यंतचे अंतर प्रत्येक पद्धतीत ठरलेले असते : निकॉन एफचे ४६.५ मिमी, एम४२ (जुने स्क्रूचे माउंट) व पेंटॅक्स केचे ४५.४६, कॅनन ईओएसचे ४४ आणि जुन्या कॅनन एफडीचे ४२. लेन्सचे अंतर बॉडीच्या अंतरापेक्षा जास्त असेल तर मधल्या जागेत साधी रिंग बसते. म्हणून निकॉन किंवा एम४२ लेन्स कॅनन डीएसएलआरवर व्यवस्थित चालते. पण एम४२ लेन्स निकॉनवर किंवा एफडी लेन्स ईओएस डीएसएलआरवर लावली की दूरचे काहीच स्पष्ट दिसत नाही. मध्ये काच असलेले अ‍ॅडॉप्टर तो दोष झाकतात, पण लेन्सची धार घालवतात. मिररलेस (आरसा नसलेल्या) बॉडीत हे अंतर सोनी ई माउंटला १८ मिमी व निकॉन झेडला १६ मिमी इतके कमी असल्याने या सगळ्या लेन्स तेथे सुखाने नांदतात. फक्त मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करावे, आणि बॉडीत कंपन रोखण्याची सोय असेल तर लेन्सची फोकल लेंग्थ न विसरता भरावी. चुकीचा आकडा राहिला तर फोटो स्थिर होण्याऐवजी अधिक हलतो.

फोटो पांढरे पडतात, तेव्हा मीटरला दोष देण्याआधी

येथे मला थोडे थांबायचे आहे, कारण आमच्या हवामानाशी याचा थेट संबंध आहे. जुन्या लेन्सच्या अ‍ॅपर्चरच्या पाती एरवी पूर्ण उघड्या असतात आणि शटर दाबल्याच्या क्षणी निवडलेल्या आकड्यापर्यंत मिटतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत काळी बॅग मोटारसायकलच्या टाकीवर किंवा पत्र्याच्या छपराखालच्या फळीवर ठेवली की फोकस रिंगमधील ग्रीस पातळ होते आणि त्याचे तेल सरकत सरकत पातींवर येते. तेलकट पाती मिटायला उशीर करतात, तोवर शटर उघडून बंदही झालेले असते, आणि फोटो पांढराफटक येतो.

तपासणी घरच्या घरी होते. सावलीतील एकसारख्या रंगाच्या भिंतीसमोर एम मोडमध्ये एक फोटो एफ/२.८ व १/८०० वर आणि दुसरा एफ/११ व १/५० वर घ्यावा. दोन्हींत सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश सारखाच असायला हवा. दुसरा फोटो स्पष्टपणे उजळ आला तर पाती आळसावल्या आहेत. मग लेन्स उतरवून रिंग १६ वर ठेवावी आणि मागची दांडी बोटाने झटकन हलवून सोडावी. पाती टचकन मिटल्या पाहिजेत. त्यांवर ओलसर चकाकी दिसली तर खात्री झालीच.

या ठिकाणी एक चूक मी स्वतः केली आहे आणि तिचे मला आजही वाईट वाटते. पाती अडकतात म्हणून मी एका लेन्समध्ये शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. पातींना कोणतेही तेल नको असते. त्या पूर्ण कोरड्या असाव्या लागतात. तो थेंब आतल्या भिंगावर पसरला आणि लेन्स उघडण्याची मजुरी तिच्या किमतीहून अधिक झाली. रॉकेल व पेट्रोल यांचेही तेच. आणि घाईही नको : अशी लेन्स मिररलेस बॉडीवर अ‍ॅडॉप्टरने लावली तर पाती रिंगने आधीच मिटवून ठेवता येतात, मग त्या सावकाश मिटल्या तरी बहुधा चालते.

नाटकाच्या रंगमंचावर प्रकाश कमी-जास्त येत असेल, किंवा फोटोत आडवे पट्टे दिसत असतील, तर ती तक्रार लेन्सची नव्हेच. आपली वीज ५० हर्ट्‌झची आहे. स्वस्त एलईडी दिवे तिच्याबरोबर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. शटर १/५० किंवा १/१०० वर आणावे.

पावसाळा : खरे नुकसान येथे होते

पूर्व विदर्भात वर्षाला १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि रोवणीच्या दिवसांत तर घराच्या भिंतीदेखील ओल सोडत नाहीत. हवेतील आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर सतत राहिली की लेन्सच्या आत बुरशी धरते. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते, आधी लेपावर आणि मग काचेवर ओरखडे पाडते आणि ते ओरखडे पुसले जात नाहीत.

लेन्सला चामड्याच्या मूळ खोळीत घालून लोखंडी कपाटात कुलूपबंद करणे ही आमच्या भागातील सर्वांत मोठी चूक आहे. चामडे ओल धरून ठेवते, कपाटात हवा खेळत नाही आणि अंधार असतोच. त्याच कपाटात कपड्यांसाठी डांबरगोळ्या किंवा कापूर असेल तर आणखी वाईट, कारण त्यांची वाफ काचेवर व रबरावर बसते. कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकांतही याविषयी बजावलेले असते. तांदळाच्या डब्यात कॅमेरा पुरून ठेवण्याचा उपाय धानाच्या प्रदेशात सहज सुचतो, पण तांदूळ फारशी ओल शोषत नाही आणि त्याचा कोंडा मात्र रिंगमध्ये शिरतो.

झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक लहानसा आर्द्रतामापक, एवढ्याने काम भागते. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवावा. ३० च्या खाली नेऊ नये, नाहीतर ग्रीस सुकते. निळे जेल गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वापरता येते, परंतु त्यात कोबाल्ट क्लोराइड असते व ते विषारी आहे, म्हणून स्वयंपाकाचा तवा त्यासाठी कधीही घेऊ नये. वेगळे भांडे ठेवावे, किंवा नारंगी जेल घ्यावे. डबा भरला म्हणजे सुटलो, असेही नाही. आठ-पंधरा दिवसांनी लेन्स बाहेर काढावी, रिंगा फिरवाव्यात आणि मागून टॉर्च धरून आत पाहावे. बुरशी अगदी सुरुवातीला दिसली तर जाणकाराकडून ती साफ होते. दोन पावसाळे दुर्लक्ष झाले की नाही.

फोकस चुकतो, की नजर फसते?

एफ/१.८ लेन्स लावून व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट दिसलेला चेहरा संगणकावर धूसर निघतो, तेव्हा लेन्सची काच सरकली असा संशय घेतला जातो. निकॉन एफएम२ सारख्या फिल्म कॅमेऱ्यांत हाताने फोकस करण्यासाठी मधोमध दुभंगलेली प्रतिमा दिसत असे. डिजिटल डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधील पडदा तसा नसतो आणि तो सुमारे एफ/२.८ पेक्षा कमी खोली डोळ्याला दाखवतच नाही. आपण जे स्पष्ट समजतो ते खरे तर पुढे-मागे असते. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) प्रतिमा मोठी करून फोकस करावा. निकॉनमध्ये फोकस जुळल्याचा हिरवा ठिपका जुन्या लेन्सवरही मदत करतो, मात्र रिंग एकाच दिशेने सावकाश फिरवावी.

मामा (माजी मालगुजारी) तलावांवर किंवा गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांत सारस टिपणाऱ्यांची तक्रार आणखी निराळी असते. ‘जुनी ३०० मिमी लेन्स दूरचे पिसारे उमटवत नाही’, असे ते म्हणतात. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते, आणि कितीही महाग लेन्स त्या थरथरीतून पाहू शकत नाही. हाच फोटो पहाटे घेऊन पाहावा. जवळच्या वस्तूवर लेन्स चोख उतरत असेल, तर दोष हवेचा आहे.

जुना फ्लॅश सरळ बॉडीवर चढवू नका

लग्नाच्या जमान्यातील काही फ्लॅशच्या पायातील संपर्कावर दोनशेहून अधिक व्होल्ट येतात. फिल्म कॅमेऱ्याला ते सोसत असत. पुष्कळ डिजिटल बॉडींची सर्किटे त्याने जळू शकतात. फ्लॅश चार्ज करून मल्टिमीटरची एक कांडी मधल्या टोकावर व दुसरी बाजूच्या धातूवर लावावी आणि डीसी व्होल्ट मोजावेत. आकडा मोठा आला तर तो फ्लॅश वेगळ्या स्टँडवर ऑप्टिकल स्लेव्ह (दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून हा पेटवणारे साधन) लावून चालवावा. फ्लॅश उघडून पाहू नये. आतील कपॅसिटर सुमारे तीनशे व्होल्ट धरून असतो आणि बंद केल्यावरही तो लगेच रिकामा होत नाही.

धूळ

मळणीच्या दिवसांत शेतात लेन्स बदलू नये. बदलावीच लागली तर बॉडीचे तोंड खाली धरावे. सेन्सरवर तोंडाने फुंकर कधीच घालू नये, कारण थुंकीचे कण धुळीपेक्षा हट्टी असतात. रबरी ब्लोअर पुरतो. एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो घेतला की डाग कुठे आहेत ते कळते. तेच डाग दुसऱ्या लेन्सवरही त्याच जागी आले, तर जुन्या लेन्सची काच घासत बसण्याचे कारण नाही.

कधी थांबावे

काचेवर बुरशीचे ओरखडे कायम झाले असतील, किंवा एकमेकांना चिकटवलेल्या दोन भिंगांमधील गोंद सुटून तेथे इंद्रधनुषी कडा दिसत असेल, तर दुरुस्तीवर पैसा घालू नये. अशी लेन्स भंगारातही देऊ नये. तिच्या पाती, रिंगा, स्क्रू आणि माउंट चांगले असतात आणि हे भाग नवे मिळत नाहीत. मी अशा दोन लेन्स डब्यावर नाव घालून ठेवल्या होत्या. माझ्या ५० मिमी लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग गेल्या वर्षी मोडली, तेव्हा नागपूरच्या दुरुस्तीवाल्याने त्यांतलीच एक उघडून तिची रिंग हिला बसवली.