सुरीसाठी चामड्याचं म्यान घरी कसं बनवावं

शेतात, बागेत किंवा ट्रेकला नेलेली सुरी बहुतेकांच्या पिशवीत वर्तमानपत्रात नाहीतर जुन्या फडक्यात गुंडाळलेली असते. कागद फाटतो, टोक पिशवीला भोक पाडून बाहेर येतं आणि इतर सामानावर घासून धार जाते. धारदार हत्यार जवळ बाळगायचं तर त्याला म्यान हवंच. बाजारातलं तयार म्यान आपल्या सुरीला नेमकं बसेल याचा भरवसा नसतो, कारण प्रत्येक सुरीच्या पात्याची रुंदी, पाठीची जाडी आणि मुठीचा फुगवटा वेगळा. स्वतः बनवलेलं म्यान त्या एकाच सुरीचं असतं.

इथे एक नेहमीची सुरी धरली आहे: पातं १० सेंमी लांब, अडीच सेंमी रुंद, पाठ ३ मिमी जाड. म्यान एकाच तुकड्याची घडी घालून धारेच्या बाजूने शिवलेलं, मूठही निम्मी आत जाईल असं. पहिल्यांदा करणाऱ्याने हाच प्रकार घ्यावा. कोयत्याचं वाकडं पातं सरळ आत-बाहेर होत नाही, त्याच्या कव्हराची गोष्ट पुढे येईल.

चामडं निवडताना

बाजारात मुख्यतः दोन तऱ्हेचं चामडं मिळतं. झाडांच्या साली आणि फळांतल्या टॅनिनने कमावलेलं एक, आणि क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं दुसरं. पर्सेस, जॅकेटं, सोफे यांचं मऊ चामडं बहुधा क्रोमचं असतं. म्यानाला ते घेऊ नका. ते भिजवून साच्यात बसवलं तरी आकार धरत नाही, आणि त्यात उरलेल्या क्षारांमुळे पातं गंजण्याचा धोका वाढतो. आपल्याला हवं सालीने कमावलेलं. कोल्हापुरी चपलेसाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडं कमावण्याची जी परंपरा आहे, ते चामडं याच जातीचं. या चपलेला २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या जिल्ह्यांसाठी मिळून भौगोलिक मानांकन मिळालं.

ओळखायचं कसं? कापलेली कड बघा. सालीने कमावलेल्या चामड्याची कड आरपार तपकिरी किंवा बदामी दिसते, क्रोमच्या चामड्याच्या पोटात बऱ्याचदा निळसर-राखी झाक असते. मग पाण्याचा एक थेंब टाका. न रंगवलेलं, सालीने कमावलेलं चामडं तो पिऊन टाकतं आणि तिथे गडद डाग उमटतो. जाडी ३ मिमी घ्या. चपलेच्या तळव्याचं चामडं फार ताठ असतं, त्याची घडी मोडते. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासून आणि बैल, वळू यांच्या कत्तलीवर २०१५ पासून बंदी आहे, त्यामुळे म्हशीचं चामडं मागा आणि पावती घ्या. मुंबईत धारावीतल्या दुकानांत किंवा कोल्हापुरात चौकशी करा. तुमच्या गावात चप्पल बनवणारे कारागीर असतील तर आधी त्यांच्याकडे जा. चामड्याच्या कोणत्या भागाला ताण सोसतो आणि कोणता सैल पडतो हे ते नुसत्या हाताने सांगतात. त्यांच्या वेळेचे पैसे द्या आणि शिकून घ्या.

हत्यारं

नवं पातं घातलेला कटर, स्टीलची पट्टी, कड तासायला रापी, भोकं पाडायला आरी, बोथट टोकाच्या दोन जाड सुया, १ मिमीचा मेणाचा पॉलिएस्टर किंवा लिननचा दोरा, चप्पल दुरुस्तीवाले वापरतात ते सोल्यूशन, मधमाशीचं मेण आणि सँडपेपर. खास किट विकत घ्यायची गरज नाही.

नमुना कापणं

जाड कागदावर सुरी ठेवून भोवती पेन्सिल फिरवा. मग सुरी पाठीवरून उलटी लोळवून दुसऱ्या कुशीवर आणा आणि पुन्हा रेघ मारा. दोन्ही आकृत्यांच्या मधे जिथे पाठ टेकली, तिथे घडी येणार. धारेच्या बाजूने पात्याजवळ दीड आणि मुठीजवळ दोन सेंटिमीटर जादा सोडा. कागद कापा, घडी घाला, क्लिपा लावून सुरी आत घालून बघा. कागदात अडकली तर चामड्यात नक्की अडकेल, तेव्हा इथेच हवं तितक्या वेळा नमुना बदला. कागद स्वस्त आहे.

आता याच नमुन्याच्या बाहेरच्या कडेवरून १२ मिमी रुंदीची एक पट्टी काढा. घडीच्या दोन थरांमध्ये धारेच्या बाजूने ही पट्टी बसते. नवखे लोक ती गाळतात आणि तिथेच म्यान वाया जातं. पट्टी नसेल तर सुरी आत-बाहेर करताना धार थेट दोऱ्यावर घासते. थोड्याच दिवसांत शिवण कापली जाते, आणि म्यान उसवून धार बोटाला किंवा मांडीला लागू शकते. पट्टी असली की धार चामड्यावर टेकते आणि दोरा तिच्यापासून दूर राहतो. पट्टी निदान पाठीइतकी जाड हवी, आपल्या ३ मिमी पाठीला ३ मिमी चामड्याची पट्टी पुरते.

पट्ट्याचा फासा आधी

कमरेच्या पट्ट्यात म्यान अडकवायला ३ सेंमी रुंद, १५ सेंमी लांब पट्टी घ्या. ४ सेंमीच्या पट्ट्याला एवढी पुरते. तिची दोन्ही टोकं रापीने आतल्या बाजूने तासून पातळ करा, एकावर एक ठेवा आणि म्यानाच्या मागच्या बाजूला चौकोनी शिवण घालून शिवून टाका. हे काम घडी घालायच्या आधीच झालं पाहिजे. म्यान बंद झाल्यावर आत सुई फिरवायला जागा उरत नाही.

घडी, चिकटवणं, शिवण

घडीच्या रेषेवर ओला बोळा फिरवा आणि दोन-तीन मिनिटं थांबून चामडं सावकाश वाकवा. कोरडं वाकवलं तर वरच्या थराला चिरा जातात. क्लिपा लावून वाळू द्या, पण लोखंडी क्लिपा नकोत, ओल्या चामड्यावर त्यांचा डाग पडतो. वाळल्यावर पट्टी आणि दोन्ही कडा चिकटवा: दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग दाबा. लावल्या लावल्या जोडलं तर ते धरत नाही.

बाहेरच्या कडेपासून ५ मिमीवर एक रेघ ओढा आणि तिच्यावर दर ४ मिमीला खूण करा. इथे चामड्याचे तीन थर मिळून ९ मिमी जाडी आहे. आरी तिरकी गेली तर मागच्या बाजूची भोकं वाकडी येतात. हाताला खात्री नसेल तर उभ्या धरलेल्या ड्रिलने दीड मिमीची भोकं पाडा, त्यात कमीपणा काही नाही.

आता शिवण. एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया. पहिल्या भोकातून दोरा ओवून दोन्ही बाजूंना सारखा करा. पुढच्या भोकात डाव्या हाताची सुई घाला आणि थोडा दोरा ओढून घ्या. मग त्याच भोकातून उजव्या हाताची सुई आधीच्या दोऱ्याच्या एकाच बाजूने, नेहमी त्याच बाजूने, पलीकडे न्या. दोन्ही टोकं एकदम, सारख्या जोराने ओढा. सुई दोऱ्यातूनच आरपार गेली तर टाका घट्ट बसत नाही, म्हणून आधीचा दोरा जरा मागे ओढून धरा. हे जमलं की सगळे टाके सारखेच तिरके आणि एका ओळीत दिसतात. मशिनच्या शिवणीत एक दोरा तुटला की बाकीचे टाके सुटत जातात. या शिवणीत प्रत्येक भोकात दोन दोरे असल्यामुळे एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

दोरा कापताना कंजूसपणा नको. पातळ चामड्याला शिवणीच्या चौपट दोरा पुरतो असं सांगितलं जातं, पण ९ मिमी जाडीत प्रत्येक टाका खोल जातो. शिवणीच्या आठपट घ्या, शिवाय दोन्ही टोकांना वीत-वीतभर धरायला. तोंडाशी सर्वांत जास्त ताण येतो, म्हणून तिथे दोन-तीन टाके उलटे घ्या. पॉलिएस्टरचं टोक लायटरने हलकेच वितळवून दाबा.

भिजवून बसवणं

सुरी प्लास्टिकच्या पातळ कागदात दोनदा गुंडाळा, पाणी पात्याला लागता कामा नये. म्यान कोमट पाण्यात बुडवा. चामड्यातून येणारे बुडबुडे थांबत आले की बाहेर काढा. पाणी गरम घेतलंत तर चामडं आकसून कडक आणि ठिसूळ होतं. सुरी आत घाला आणि मुठीच्या कडेकडेने अंगठ्याने दाबत जा, हळूहळू आतला आकार वर उमटतो. नखं कापलेली हवीत, ओल्या चामड्यावर नखाचा ओरखडा कायम राहतो.

याच टप्प्यावर लोखंड सांभाळा. चामड्यातलं टॅनिन ओलं असताना लोखंडाला लागलं की निळा-काळा डाग पडतो. हिरड्याच्या काढ्यात लोखंड घातल्यावर काळा रंग येतो, तेच इथे घडतं. क्लिपा, पट्टी, टेबलावर सांडलेला लोखंडी कीस, कशानेही डाग पडू शकतो. पडलाच तर लिंबाचा रस लावा आणि थोड्या वेळाने ओल्या फडक्याने पुसा, डाग फिका होतो. तेल लावण्याआधी हे करावं लागतं.

आकार धरला की सुरी काढा आणि म्यान सावलीत वाळवा. एक-दोन दिवस लागतात, पावसाळ्यात त्याहून जास्त. उन्हात किंवा हेअर ड्रायरसमोर ठेवू नका.

कडा आणि तेल

तिन्ही थरांच्या कडा आधी १२० आणि मग ४०० नंबरच्या सँडपेपरने घासून एकसारख्या करा. ओलं बोट फिरवून डेनिमच्या तुकड्याने जोरात घासा, कड तापून चकाकायला लागते. वर मेण घासून पुन्हा तसंच करा. बाहेरून तेलाचा अगदी पातळ हात द्या. जास्त तेल प्यायलेलं म्यान मऊ पडतं आणि सुरी सैल होते. आतून तेल लावू नका.

उरलेल्या कातरणीतून कोयत्याच्या धारेचं कव्हर करा: धारेच्या आकाराची घडी, मधे तीच पट्टी, आणि पाठीवरून येणारी बटणाची वादी. किल्ल्यांचा फासा आणि चष्म्याचं घर यांनाही हीच शिवण लागते, फक्त चष्म्याला २ मिमी चामडं घ्या.

सुरी मुक्कामाला म्यानात ठेवू नका, विशेषतः कार्बन स्टीलची. चामडं हवेतला ओलावा धरतं आणि पात्यावर गंज चढतो. घरी आल्यावर पातं पुसून वेगळं ठेवा, म्यान टांगून ठेवा. कोकणात पावसाळ्यात पांढरी बुरशी येते. ती कोरड्या फडक्याने पुसून म्यान वाऱ्यावर ठेवा आणि वाळल्यावर मेणाचा हात द्या. दोरा झिजला तर जुना काढून त्याच भोकांतून नवा घाला.