डेबियन १२ वर जुना गेम उघडेना, 'रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड' (माझा अनुभव)

लातूरला घरच्या पीसीवर डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं, सगळं झकास, पण लिनक्सचा एक जुना गेम डबल क्लिक केला तरी काहीच होईना. टर्मिनलमधून चालवला तर 'कॅनॉट एक्झिक्यूट: रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड', अन् फाइल तर समोर दिसायलीय! परमिशन दिली, गेम परत उतरवला, ग्राफिक्स ड्रायव्हर बदलून बघितला, दोन रात्री गेल्या, नुसतं डोकं उठलं.

शेवटी गेमवर 'फाइल' कमांड (फाइल कुठल्या प्रकारची ते सांगते) चालवली तर '३२-बिट' आलं. म्हणजे गायब आहे तो ३२-बिटचा लोडर (प्रोग्राम चालू करून देणारी फाइल), ६४-बिट डेबियनमध्ये तो आपोआप येत नाही.

आधी 'सुडो डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आय३८६' (आय३८६ म्हणजे ३२-बिट), मग 'सुडो ॲप्ट अपडेट' (हे मी विसरलो अन् पॅकेजच सापडेना), मग 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिबसी६:आय३८६'. त्यानंतरच गेमवर 'एलडीडी' (प्रोग्रामला कुठल्या लायब्ऱ्या, म्हणजे जोडफाइली, लागतात ते दाखवणारी कमांड) चालवा, आधी चालवलं तर 'नॉट अ डायनॅमिक एक्झिक्यूटेबल' म्हणतं, मी तिथंच फसलो. आता ज्या ओळीपुढं 'नॉट फाउंड' येईल तेवढ्याच लायब्ऱ्या टाकायच्या. मला लिबजीएल१ अन् लिबएसडीएल२-२.०-० लागल्या, दोन्हीच्या शेवटी ':आय३८६' लावून. लाईट जायच्या आत गेम चालू झाला बगा.